चारही सहली

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून आपण पुन्हा पत्रांवर आलो, ते एका परीने बरंच झालं. जे खाली लिहिणार आहे ते फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं.

आधी चांगली बातमी. आमचं बोटीचं नक्की झालं. लग्नाला वीस वर्षं होतात त्याच आठवड्यात, वीस एप्रिलला निघायचं. आठ दिवस, चार बंदरं. खोली खोक्याएवढी आहे, पण तिला गोल खिडकी आहे आणि ती पाण्याच्या बाजूला उघडते, म्हणजे उघडत नाही, नुसतं पाणी दिसतं. बोट सकाळी बंदराला लागते, आपण उतरून सहलीला जायचं आणि संध्याकाळी परत जेवायला यायचं. मी चष्म्याच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगते आहे. काल एका बाईंच्या चष्म्याचा नंबर काढता काढता बोटीवर किती मजले असतात ते सांगत बसले, आणि त्या बिचाऱ्या हनुवटी टेकवून हो हो करत होत्या.

आता दुसरी गोष्ट. सहलींचा अर्ज वेगळा भरायचा असतो. प्रत्येक बंदराला दोन पर्याय: एक बसमधून आरामात शहर बघायचं, दुसरा पायी. मला वाटलं, आमचे घड्याळजी चारही ठिकाणी बसवर खूण करतील. घराखाली घड्याळांच्या दुकानाला जागा आहे म्हणूनच या माणसाने या घराला होकार दिला, असं तूच म्हणायचीस ना? दिवसभर डोळ्याला भिंग लावून नखाएवढ्या चाकांशी खेळायचं आणि जिना चढून वर यायचं, एवढीच याची वीस वर्षांची पायपीट. त्याने चारही पायी सहली निवडल्या. कड्यावरून तीन तास चालत पक्ष्यांची वस्ती बघायची, खाडीत होडी वल्हवायची, जंगलातून धबधब्यापर्यंत जायचं आणि दीपगृहाच्या टेकडीवर चढायचं. मी विचारलं, हे कोणासाठी? तर म्हणाला, आपल्यासाठी. आणि सही करून मोकळा.

ताई, मी शंकेखोर आहे हे मला माहीत आहे. म्हणून फक्त घडलं तेवढंच लिहिते. सोमवारी आणि गुरुवारी तो सकाळी सातला बाहेर पडतो. सांगतो की निवृत्त न्यायाधीशांकडे त्यांच्या लंबकाच्या घड्याळाचं काम आहे. मागच्या आठवड्यात न्यायाधीश स्वतः माझ्याकडे वाचायचा चष्मा घ्यायला आले. म्हणाले, तुमच्या यजमानांना जरा पाठवा, आमचं घड्याळ थंडीपासून बंद पडलं आहे, त्यांचं दर्शन नाही. मी त्यांच्या नाकावर चष्मा नीट बसवला आणि सांगते म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

दुसरं. परवा औषधांच्या दुकानापाशी मी उभी होते. तो माझ्यापासून दोन हातांवरून गेला. मी हात केला. तो सरळ पुढे. घरी विचारलं तर म्हणाला, डोक्यात काहीतरी होतं. फरशीवर पडलेला बारीक स्क्रू ज्याला दिसतो त्याला बायको दिसली नाही. आणि हल्ली चालताना मला कायम डावीकडे घेतो. उजवीकडे गेले की हाताला धरून परत डावीकडे आणतो, जशी काही मी कोणाच्या नजरेला पडायला नको आहे.

डोळ्यांचा प्रश्न नाही, ते तू विचारायच्या आधीच सांगते. दर वाढदिवसाला मी त्याला दुकानातल्या खुर्चीत बसवून अक्षरांचा तक्ता वाचायला लावते, आमचा रिवाजच आहे तो. या जानेवारीतही त्याने शेवटची ओळ धडाधड वाचली. मी त्याच्या कार्डावर 'उत्तम' लिहिलं, एकोणिसाव्यांदा.

डायरीत मी लिहिलं, 'तो खोटं बोलतो.' मग ते खोडून लिहिलं, 'त्याने मला एक गोष्ट खरी सांगितली नाही.' तुला यात काही फरक वाटतो का? मला सकाळी वाटतो, दुपारी वाटत नाही.

पंचवीस तारखेपर्यंत प्रवास रद्द करता येतो. हे उगाच लिहिलं.

माझ्यावर जसा आहे तसा लोभ ठेव, फार वाढवलास तर रडू येईल.

तुझी,
छोटी


९ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. न्यायाधीशांचं घड्याळ बंद पडलं म्हणून तू नवऱ्यावर खटला भरलास, हे वाचून आधी हसले. साक्षीदारही तूच, वकीलही तूच, आणि निकाल तर लिहूनच ठेवला असशील. लहानपणी माझी पट्टी हरवली तर तूच रडत यायचीस की मीच घेतली असेन, आठवत नाही एवढंच. आता स्वतःवरचा संशय पुरेना म्हणून नवऱ्यावर घेतेस का?

माणूस पन्नाशीला टेकला की त्याला पाय फुटतात. माझ्या रुग्णालयातल्या वॉर्डात असे कितीतरी पाहिले. आयुष्यभर खुर्ची न सोडलेले एकदम डोंगर चढायला निघतात. चढू दे. तूही चढ. दिवसभर लोकांच्या बुबुळात डोकावून तुझी मान वाकडी झाली आहे, ती जरा सरळ होईल. रद्द-बिद्द करण्याचं डोक्यातून काढ.

माझे गुडघे ठीक. शेजारीणबाईंनी मला पत्ते शिकवले आणि आता त्याच हरतात म्हणून रागावल्या आहेत. कानाचं यंत्र परत दुरुस्तीला दिलं आहे.

बोटीवर डेकवर फार झगझगतं, म्हणून त्याला ती तपकिरी टोपी घ्यायची आठवण कर, तिचा काठ रुंद आहे. तुझ्यासाठीही तसलीच एक घे.

राईचा पर्वत करू नकोस, तुम्हाला खरे डोंगर चढायचे आहेत. तुझा लोभ मला पुरतो, वरकड नवऱ्याला दे.

तुझी,
ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टोपीबद्दल मी तुला एक अक्षर लिहिलं नव्हतं.

पत्र काढून पाहिलं. मी काय लिहिलं त्याची नक्कल डायरीत असते, तीही पाहिली. टोपी नाही. ती तपकिरी टोपी त्याने फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी आणली. त्या शनिवारी तो घड्याळांचे सुटे भाग आणायला तुझ्या गावाला गेला होता. आल्यावर मी विचारलं, ताईकडे गेलास का? म्हणाला, वेळच मिळाला नाही. सुटे भाग कुठले आणले तेही मी पाहिलेलं नाही.

मग आज मी एक केलं. लिहायला लाज वाटते, पण तुला नाही लिहिलं तर मीही तुमच्यातलीच एक होईन. आज गुरुवार. तो सातला निघाला, मी सव्वासातला. तो पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीकडे गेला. तिथे दगडी पायऱ्या आहेत, वेड्यावाकड्या. मी खाली नगरपालिकेच्या फलकामागे उभी राहिले, कचरा कधी उचलतात त्याच्या सूचना वाचत. तिथे एक बाई होत्या. माझ्याच वयाच्या, आखूड करडे केस, पायांत डोंगर चढायचे बूट, गळ्यात शिट्टी. त्या एक पायरी पुढे आणि तो मागे, त्यांचा दंड कोपराच्या वर धरून. हलकेच. पायऱ्या चढले, उतरले, पुन्हा चढले. उतरताना त्या काहीतरी म्हणाल्या आणि तो हसला. ते हसणं मी ओळखते. घरी मी ते बऱ्याच महिन्यांत ऐकलेलं नाही.

मी दुकानात येऊन सात गिऱ्हाइकं तपासली. एकाचेही आकडे चुकवले नाहीत, याचं मला स्वतःलाच भय वाटलं.

तुला सरळ विचारते. तो तुझ्याकडे आला होता का? त्या बाई कोण ते तुला माहीत आहे का? तू मला पत्रातून थोपटत होतीस तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं का? मी तुझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे, पण मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.

खोक्याएवढ्या खोलीत आठ दिवस, आणि मला माहीत नाही की माझ्याबरोबर कोण आहे. मी पंचविसाला रद्द करणार. त्याला त्याच दिवशी सांगेन, कारण आधी सांगितलं तर तो काहीतरी चांगलं कारण देईल आणि मी ते मानेन.

लोभाबद्दल आज काही मागत नाही.

छोटी


१८ मार्च

चि. छोटीस,
आशीर्वाद.

हो, आला होता. माझ्या घरी जेवला. टोपी आम्ही दोघांनी मिळून घेतली. माझी जीभ मी पस्तीस वर्षं वॉर्डात सांभाळली आणि लेखणी एका टोपीवर घसरली.

काय आहे ते मी सांगणार नाही. मी त्याला शब्द दिला आहे. रुग्णाने सांगितलेलं त्याच्या नातेवाइकालाही सांगायचं नाही, याच एका गोष्टीवर मी निवृत्तीपर्यंत ताठ मानेने काम केलं. तुला मला शिव्या घालायच्या असतील तर घाल. पण एक शपथेवर सांगते, आणि हे त्याचं गुपित नाही, नुसतं सत्य आहे: तुझ्या डोक्यात जी बाई आहे तशी बाई कुठेच नाही. त्या शिट्टीवाल्या बाईंना मी पाहिलेलंही नाही.

शब्द दिला तो त्याच्याबद्दल न बोलण्याचा. तुझ्या कामाबद्दल मोठ्या बहिणीने चार ओळी लिहायला मला कोणी बंदी केलेली नाही. म्हणून लिहिते, आणि जसं लिहिते तसंच कर.

त्याला तुझ्या खुर्चीत बसव. तक्ता दाखवू नकोस, दिवा बंद ठेव त्याचा. गुडघ्याला गुडघा लावून समोर बस आणि हात वापर. नात्यात काचबिंदू आहे असं सांगत येणाऱ्या गिऱ्हाइकांना बसवतेस तशी.

रद्द करायचं की नाही ते त्यानंतर ठरव. त्याच्या आधी ठरवलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि माझं न बोलणं कसं असतं ते तुला माहीत आहे.

तुझ्यावर रागावलेली, तरीही तुझीच,
ताई


२२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल दुपारी आलं. संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी त्याला बोलावलं. तो हसत आला. म्हणाला, वाढदिवस तर होऊन गेला. मी म्हटलं, बस.

गुडघ्याला गुडघा लावून बसले. सांगितलं, माझ्या नाकाकडे बघ, डोळे हलवायचे नाहीत, माझी बोटं हलताना दिसली की हो म्हण. मग मी हात दोन्ही बाजूंना पसरले आणि बोटं हलवायला लागले. पुस्तकात आहे तसं हळूहळू आत आणत गेले. तो माझ्या नाकाकडे बघत होता, अगदी प्रामाणिकपणे. माझे हात खांद्याच्या रेषेत आले. मी बोटं हलवतच होते. मग तो म्हणाला, "सुरू केलंस का?"

ताई, माझे हात तसेच हवेत राहिले.

उजवीकडे त्याला थोडं दिसतं. डावीकडे माझी बोटं जवळजवळ माझ्या गालाला लागली तेव्हा तो हो म्हणाला. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत, बराच पुढे गेलेला. हे तुला माहीतच आहे. मला माहीत नव्हतं. मी बावीस वर्षं डोळे तपासते, आणि मी माझ्याच माणसाला एकोणीस वेळा खुर्चीत बसवून फक्त समोर काय दिसतं ते विचारलं. समोरचं त्याला अजूनही उत्तम दिसतं. त्याचं कामही भिंगातलं, तिथेही फक्त समोरचंच लागतं. नात्यात काचबिंदू असलेल्या गिऱ्हाइकाला मी हात पसरून तपासते. नवऱ्याच्या वाढदिवसाला मात्र तक्ता वाचून घ्यायचा, शाबासकी द्यायची आणि दिवा मालवून जेवायला जायचं. आमचा रिवाज.

आणि त्या टेकडीवर त्याने दंड धरला होता तो कोपराच्या वर. कमी दिसणाऱ्याने पुढच्याला तसंच धरायचं असतं. मी रोज म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना दारापासून खुर्चीपर्यंत तशीच नेते. फलकामागे उभं राहून मी तीच पकड पाहिली आणि मला भलतंच दिसलं. त्या बाई नजर गेलेल्यांना चालायला शिकवतात. सोमवार आणि गुरुवार.

मग तो बोलला. मागच्या पावसाळ्यात एका सायकलवाल्याला धडकला, तेव्हा त्याला पहिल्यांदा शंका आली. माझ्याकडे यायच्या ऐवजी तो तुझ्याकडे आला, कारण तुझ्या रुग्णालयातले डोळ्यांचे डॉक्टर तुझ्या ओळखीचे. थेंब चालू आहेत. बाटली त्याच्या दुकानात घड्याळांच्या तेलाच्या बाटल्यांमध्ये उभी असते. गेलेलं परत येणार नाही, आहे ते बहुधा टिकेल. 'बहुधा' हा शब्द डॉक्टरांचा. म्हणून बोट, म्हणून चारही सहली. कडा, खाडी, जंगल, डोंगर. त्याला मोठ्या जागा बघायच्या आहेत, तुकड्यातुकड्याने का होईना, मान फिरवून फिरवून.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? आधी म्हणाला, तुझी ती कार्डं. तू स्वतःला सोडलं नसतंस. ते खरं आहे. ती एकोणीस कार्डं आता माझ्यासमोर आहेत. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. मला ते उत्तर फार गोड वाटलं, आणि गोड उत्तरांवर माझा विश्वास नाही. पुन्हा विचारलं. तेव्हा खाली बघत म्हणाला, "तुला कळलं असतं, तर तू मला बघणं सोडून तपासायला लागली असतीस."

मी रागाने उठले. घरी आले. आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर जिन्यातली कुंडी उचलून आत ठेवली, जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला सारली आणि तो वर येत होता तेव्हा त्याची पावलं मोजत उभी राहिले. त्याने कुंडीची रिकामी जागा पाहिली.

दुकानातली जुनी कार्डं काढते आहे. चाळिशीच्या पुढच्या ज्यांना मी फक्त तक्ता दाखवला, त्या सगळ्यांना परत बोलावणार. आमच्या दुकानाचे मालक म्हणाले, गिऱ्हाइकं घाबरतील. घाबरू देत.

पंचवीस तारीख तीन दिवसांवर आहे. मला अजून माहीत नाही. त्याच्यावर आता संशय उरलेला नाही, पण संशय जिथे होता तिथे काय ठेवायचं तेही कळत नाही. आणि तुझ्यावरचा राग शाबूत आहे.

तरीही तुझ्या लोभाची गरज असलेली,
छोटी


२५ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

राग शाबूत ठेव, त्याला आणखी थोडं खाद्य देते. 'तिला सांगू नकोस' हा सल्ला माझा होता. तो माझ्यापुढे टेबलावर हात ठेवून म्हणाला होता की आजच जाऊन तिला सांगतो. मीच थांबवलं. म्हटलं, सहल होऊन जाऊ दे, नाहीतर ती बोटीवर चढायच्या आधीच स्वतःला फाशी देईल आणि तुला डोंगराऐवजी तिचं तोंड बघावं लागेल. पाटी फुटली की दुसऱ्याची असली तरी तू स्वतःचे कान धरायचीस. तीच छोटी माझ्या डोक्यात होती. ती सत्तेचाळीस वर्षांची झाली हे माझ्या लक्षात राहिलं नाही. चूक माझी आहे. त्याला त्यातून सोड.

पण आता माझी नर्सगिरी ऐक. वॉर्डात नवऱ्याच्या उशाशी बसून त्याचा प्रत्येक घास मोजणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या. नवरे बरे झाले की त्यांच्यापासून पळायचे.

आज पंचवीस. हे पत्र पोचेपर्यंत तू काय करायचं ते केलेलं असशील. कळव. मी पत्ते खेळते आहे आणि हरते आहे.

तुझी अपराधी,
ताई


२१ एप्रिल
बोटीवरून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रद्द केलं नाही. पण जे केलं तेही सांगते, नाहीतर पोटात राहील. पंचविसाला मी सहलींचा नवा अर्ज आणला आणि त्याला न विचारता चारही ठिकाणी बसवर खूण केली, त्याच्याही नावापुढे. तो कागद दोन दिवस माझ्या पिशवीत होता. दोन दिवस मी त्याच्यापासून एक गोष्ट लपवून त्याच्यासमोर जेवले, आणि अजिबात जड गेलं नाही. किती सोपं असतं ते! आपण समोरच्याच्या भल्याचं करतो आहोत असं वाटलं, की घास सरळ खाली उतरतो. तेव्हा मला त्याचं सगळं समजलं, आणि तुझंही. राग गेला असं नाही म्हणत. त्याची धार गेली.

तिसऱ्या दिवशी कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने भिंग लावून वाचला, उगाच, मला चिडवायला. मग म्हणाला, तुला बसने जायचं तर जा, मी चालत जाणार. भांडण झालं. चांगलं दोन तास चाललं, वीस वर्षांचं एकदम. शेवटी त्याने एकच अट घातली. पायवाटेवर मी पुढे चालायचं, माझी पिवळी पिशवी त्याला समोर दिसत राहील, तेवढं त्याला पुरतं, हे त्या शिट्टीवाल्या बाईंनी त्याच्याकडून घोटून घेतलं आहे. मदत लागली तर तो हाक मारेल. हाक नाही तर मी मागे बघायचं नाही.

आज पहिली सहल होती, कड्यावरची. वाट दोन माणसांएवढी रुंद, उजवीकडे गवत, डावीकडे दोर बांधलेला आणि त्यापलीकडे समुद्र. वाटाड्या सगळ्यांच्या पुढे, आम्ही सगळ्यांच्या मागे. ताई, मला वाऱ्याचं काही सांगता येणार नाही आणि पहिल्या तासात एकही पक्षी मी पाहिला नाही. मी फक्त मागचे बूट ऐकत होते. डावा जरा जोरात पडायचा, उजवा घासत. एकदा खडे घरंगळले. माझी मान आपोआप फिरायला लागली, ती मी तशीच अर्ध्यात धरली, आणि पुढे चालत राहिले.

मग एका वळणापाशी बूट थांबले.

मीही थांबले. हाक आली नाही. मी समोर बघत उभी. पुढची माणसं वळणाआड गेली होती. मला वाटलं, तो पडला. वाटलं, तो दोरापाशी गेला. वाटलं, हाक मारायची त्याला लाज वाटते आहे. एवढ्या शंका मला कधी एकदम आल्या नसतील, आणि एकीचंही उत्तर मला मिळणार नव्हतं. कड्यावर समोर हजारो पांढरे पक्षी बसलेले होते, एकमेकांना खेटून, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. ते मी तेव्हा पाहिले. बराच वेळ पाहिले.

मग बूट पुन्हा वाजायला लागले. डावा, उजवा, डावा. माझ्या पाठीपाशी आले, तेव्हा मी चालायला लागले.

तो का थांबला होता ते मी विचारलेलं नाही. आत्ता तो समोरच्या पलंगावर बूट काढतो आहे. उद्या होडी आहे.

आमच्या दोघांवरचा तुझा लोभ तुझ्यापाशीच राहू दे, उतरलो की स्वतः येऊन नेऊ.

तुझी,
छोटी